नवरदेवाच्या गाडीची काच

मे महिना, जळगाव जामोद, भर दुपार. हर्षलची वरात मेहकरला निघायची होती आणि सजवलेली गाडी सकाळपासून अंगणात उन्हात तापत उभी होती. समोरच्या काचेवर धूळ बसलेली पाहून मामा उकंडरावांनी सरबतासाठी आणलेल्या बर्फाच्या पाण्याची बादली उचलली.

"मामा, पाणी नोका टाकू! काच लय तापेल हाये," हर्षल ओरडला. तो संभाजीनगरला काचेच्या कारखान्यात इंजिनिअर होता.

"नवरदेवानं गाडीची फिकर नाही करत," म्हणत मामांनी बादली रिकामी केली.

टक्क! मागे कधीतरी खडा लागून समोरच्या काचेचा बारीकसा टवका उडाला होता. तिथून वीतभर चीर धावली.

मामा ओशाळले. "बाजूच्या काचेवरबी पाणी पडलं. ते काऊन नाही फुटली बे?"

"बाजूची काच भट्टीत तापवून एकदम गार हवेनं थंड करतात, मामा. म्हणून तिचा वरचा थर घट्ट आवळलेला राह्यते, लवकर तडकत नाही. फुटली तर मात्र साबुदाण्यावानी सगळी सांडते. समोरची तशी नाही. वरून गार पाण्यानं आकसली, आतून तापलेलीच, त्या ओढाताणीत टवक्यापासून तडकली."

"मंग आता गळून पडते का?"

"नाही. दोन काचांच्या मधात चिकट पडदा हाये. पण चीर वाढू द्यायची नाही. एसी बंद!"

वऱ्हाडाची बस आधीच पुढे गेली होती आणि दुसरी गाडी मिळेना. खिडक्या उघड्या टाकून सगळे निघाले. गोपाल, हर्षलचा चुलतभाऊ, बेताबेतानं गाडी हाकत होता. शेजारी मामा चिरेकडे टक लावून बसले होते. खामगावच्या पुढे लू इतकी झोंबायला लागली, की हर्षलची बहीण पूनम मागून वाकली आणि तिनं हळूच एसीचं बटण दाबलं.

टिक्. चीर बोटभर सरकली.

"पूनम!" सगळे एकदम ओरडले. तिनं घाबरून बटण बंद केलं. मामांनी डोक्याचा फेटा सोडला आणि मागे वळून मेहकर येईपर्यंत भाच्याला त्यानंच वारा घातला.

अंतरपाट दूर झाला तेव्हा समीक्षाला समोर धुळीनं माखलेला, घामाच्या ओघळांनी रंगलेला नवरा दिसला. हार घालताना ती पुटपुटली, "पायी आले का हो?"

हर्षलनं जेवणाच्या पंगतीत सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली, की घास अडकून ठसका लागला.

निघताना तिचे वडील महादेवराव म्हणाले, "पोरीले आमच्या एसीच्या गाडीत बसवा."

"बाबा, मी यांच्यासंगंच जाते," समीक्षा म्हणाली. "चीर कुठवर जाते, मले पाह्यचं हाये."

उकंडरावांनी हसतच आपली पुढची जागा सोडली आणि वऱ्हाडाच्या बसमध्ये खिडकीजवळची सीट धरली.