आठवड्यातून दोनदा

माझे संपूर्ण नाव ‘ग्लायकोलिक आम्ल, सात टक्के, चेहऱ्यासाठी द्राव’ असे असून माझे वय अकरा महिने वीस दिवस आहे. हे वय माझे झाकण प्रथम उघडले गेले त्या दिवसापासून मोजलेले आहे. ‘उघडल्यापासून बारा महिने’ असे माझ्या अंगावर छापलेले असल्यामुळे मी वृद्ध आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे आणि माझे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे.

आमच्या कुळाचा उगम उसाच्या रसात सापडतो. माझा जन्म मात्र कारखान्यातील पोलादी टाकीत झाला. तेथून मला तपकिरी काचेच्या बाटलीत भरले गेले आणि तेव्हापासून सारे जग मला मधात बुडालेले दिसत आले आहे. माणसे हळू चालतात, ऊन भिंतीवर सांडून तेथेच निजते आणि सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, हे मला प्रकाशावरून नव्हे तर भांड्यांच्या आवाजावरून कळते.

मी कोणत्याही शाळेत गेलो नाही. वाचायला माझा मीच शिकलो. प्रथम अंगावरचे लेबल आतल्या बाजूने, म्हणजे उलटे, वाचले. पुढे फळीवर अंथरलेले वर्तमानपत्र वाचले. लेबलावरील चार सूचना मला मुखोद्गत आहेत. आधी कानामागे थेंबभर लावून पाहावे. आठवड्यातून दोनदाच, संध्याकाळी लावावे. त्या काळात चेहरा घासू नये. दिवसा उन्हापासून जपावे. दुर्दैवाने ही अक्षरे मोहरीच्या दाण्याहून बारीक आहेत आणि इंग्रजीत आहेत.

मी चेहरा खरवडतो, हा गैरसमज आहे. त्वचेवरच्या मृत पेशी एकमेकींचा हात धरून बसलेल्या असतात. मी ते हात अलगद सोडवतो. पानगळीचे पान जसे फांदीला न दुखवता सुटते, तसे ते काम आहे. त्याला वेळ लागतो, आणि माणसांपाशी नेमका तोच नसतो.

गोंदियालगतच्या कुडव्यात पिंकी शहारे हिच्या घरी मी कुरिअरने आलो. घराच्या समोरच्या खोलीत तिचे छोटेसे पार्लर आहे: एक खुर्ची, एक आरसा, माझी फळी, आणि पाहुणे आले की बाजूला सरकवायचा पडदा. प्रथम तिने मला स्वतःच्या चेहऱ्यावर वापरले, तेही नियमाने. तिच्या आईने ते पाहिले.

“काय लावून रायली वं ते तोंडाले?”

“ॲसिड होय माय.”

“तेजाब?” आई हातातले सूप टाकून उठली. “अवं, तेजाबानं संडास धुतेत! तू तोंड धुवून रायली?”

“दह्यात बी ॲसिडच रायते माय. कढी खातं का नाई तू?”

“कढी पोटात जाते. तोंडाले नाई थापत मी!”

मला तो अपमान वाटला. परंतु मी बोललो नाही. बोलण्याची सोय नव्हती.

पिंकीची थोरली बहीण अलका. वय एकतीस. ती राइस मिलमध्ये कामाला आहे. उकडलेला धान पटांगणावर पसरायचा आणि दिवसभर त्यातून पाय ओढीत चालून तो खालीवर करायचा, हे तिचे काम. ते पटांगण मी पाहिलेले नाही. तिच्या पायांना चिकटून आलेल्या दाण्यांवरून मी त्याची कल्पना करीत असे: सोन्याचे एक उथळ तळे, वर उडणारा कोंडा, आणि त्यातून सावकाश चालणारी अलका, जणू कुठल्यातरी दूरच्या काठाला निघालेली.

त्या उन्हानेच तिच्या दोन्ही गालांवर वांग उमटले होते. दोन घरची माणसे तिला पाहून, चहा-चिवडा घेऊन, “कळवतो” म्हणून गेली. कोणीही कळवले नाही. आईने दोष वांगांना दिला. म्हणून तिसऱ्या वेळी, आमगावला मोटार वाइंडिंगचे, म्हणजे पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचे, दुकान असलेल्या रत्नपाल मेश्राम याच्याकडे फोटो पाठवताना पिंकीने तो मोबाइलवर गुळगुळीत केला.

अलकाने तो फोटो पाहिला. “हे कोन होय वं?”

“तूच होय दीदी.”

“मी नोहो हे. तो माणूस आला मंग काय दाखवशील त्याले?”

“अठरा दिवस हायेत ना. तसंच करून टाकू तुले.”

अलका खुर्चीवर बसली आणि माझे झाकण उघडले गेले. एका माणसाचा चेहरा अठरा दिवसांत एका फोटोइतका खोटा करायचा, हे काम माझ्यावर आले.

कानामागची चाचणी झाली नाही. आठवड्यातून दोनदाऐवजी मला रोज दिवेलागणीला लावले जाऊ लागले. पिंकीला वाटे, दिवस थोडे आहेत तर थेंब जास्त हवेत. इतकेच असते तरी कदाचित निभावले असते. परंतु त्याच दिवसांत आईनेही आपला उपाय सुरू केला होता. मिलमधून आणलेला तांदळाचा बारीक कोंडा, हळद आणि लिंबू कालवून ती रोज पहाटे न्हाणीत अलकाचे गाल घासून काढीत असे. या घरातल्या मागल्या पिढ्यांच्या प्रत्येक लेकीचे लग्न त्या कोंड्यावर झाले होते. आईचे पिंकीला ठाऊक नव्हते आणि पिंकीचे रोजचे आईला ठाऊक नव्हते. अलकाला दोन्ही ठाऊक होते. पण दोघींनीही प्रेमाने चेहरा हातात धरलेला, तेव्हा ती कोणालाच नाही म्हणू शकली नाही. संध्याकाळी मी, पहाटे कोंडा, दिवसभर ऊन.

मी सोडवलेले हात कोंडा उपटून काढीत होता. मला ते तिच्या गालांवर उतरताच कळे. दहाव्या दिवशी ती लावताना दचकली. अकराव्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आले. बाराव्या दिवशी गाल लाल होऊन सोलले, आणि वांग होते त्याहून गडद झाले.

अलकाला दवाखान्यात नेले, तेथे डॉक्टरीणबाईंनी सगळे बंद करायला सांगितले. साधे मलम लावावे, उन्हात जाऊ नये, मेकअप अजिबात नको. रत्नपालकडची माणसे यायचा रविवार सहा दिवसांवर होता.

घरी दोन्ही उपाय एकमेकांसमोर आले. “तुया तेजाबानं झालं!” “तुया कोंड्यानं झालं माय!” दोघींचेही निम्मे खरे होते. मी निम्मा अपराधी होतो, आणि नियम ठाऊक असूनही गप्प राहिलेला अपराधी अधिक वाईट असतो.

अलका मात्र भांडली नाही. आरशासमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तिने रत्नपालला फोन लावला.

“मी अलका बोलून रायली. कुडव्याची. तुमच्याकडे जो फोटो आला ना, तो खरा नाई. मले वांग हायेत. आन् आता ते मिटवता मिटवता तोंडाची सालच निघाली. रविवारी यायचं असन तर हे पाहून या.”

“येतो,” तो म्हणाला.

रविवारी आईने पाहुण्यांसाठी पार्लरची खुर्ची भिंतीला लावली आणि खिडकीचा पडदा ओढून खोली अंधारी केली. अलका चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, खिडकीपाशी गेली आणि पडदा पुरता सरकवला. दुपारचे ऊन तिच्या सोललेल्या गालांवर पडले. माझ्या काचेतून ते दोन्ही गाल पिकल्या टेंभरांसारखे, तेंदूच्या फळांसारखे, दिसले. मला त्यांची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली.

रत्नपालची थोरली बहीण दुर्गा कुजबुजली, पण सर्वांना ऐकू गेले. “फोटोत तं येगळीच होती हे.”

“मले मालूम हाये. फोन आला होता,” रत्नपाल म्हणाला आणि अलकाकडे वळला. “आग होते का अजून?”

“मलम लावलं का कमी होते.”

“वार्निश लागलं का आमचीही साल निघते.” त्याने बोटे पुढे केली. “तुम्हाले काई विचाराचं हाये का मले?”

आईने घाईने मान हलवून नकार दिला. आजवर आलेल्या कोणीही हा प्रश्न अलकाला विचारला नव्हता.

“दारू पिता?”

“होळीले.”

“आन् बाकी दिवस?”

“बाकी दिवस लोकायच्या मोटारी जळतेत. टाइम कुठं हाये?”

प्रथम हसली ती दुर्गा. जाताना ती म्हणाली, “कळवतो आमी.” आईचा चेहरा उतरला. “कळवा,” अलका म्हणाली. “मी बी इचार करून कळवतो.”

आज माझ्यात बोटभर द्राव उरला आहे आणि दहा दिवसांनी माझी मुदत संपेल. माझा रंग किंचित पिवळसर झाला आहे. जग आता मधापेक्षा जुन्या कागदासारखे दिसते. वाचकांना माझी एकच विनंती आहे. माझ्यासारख्यांना घरात आणाल तर बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि एकाच चेहऱ्यावर दोघांनी प्रेम करीत असाल तर निदान एकमेकांना सांगा.

त्या रविवारनंतर जे बदलले ते असे. महिनाभर मला कोणी हात लावला नाही. पुढे मी आठवड्यातून दोनदाच वापरला जाऊ लागलो. कोंडा गाईच्या आंबोणात जाऊ लागला. मिलवर जाताना अलका सनस्क्रीन लावून ओढणी बांधते. सोललेले गाल भरून आले, वांग थोडे फिके झाले, गेले नाहीत. रत्नपालचा होकार लगेचच्या मंगळवारीच आला होता. अलकाने आपला होकार गुरुवारी कळवला.