शाळेवरची घंटा

गिरणीच्या उतारावरून क्रेन वर चढू लागली तेव्हा अस्सुंताच्या हातात जपमाळ होती, पण जप केव्हाच सुटला होता. सकाळी लेकीच्या नावाने माळ ओढायची आणि मगच कॉफीला तोंड लावायचं, हे व्रत तिने आजारपणातही मोडलं नव्हतं. आज ओठ नुसतेच हलत होते. डोळे खिडकीबाहेर शाळेच्या छपरावर होते. शेवटी तिने माळ खिशात घातली, शाल घेतली आणि कॉफी तशीच सोडून निघाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी झालेल्या भूकंपात गावातली घरं हलली, पण उभी राहिली. कोसळली ती शाळा. मुलांना ऐसपैस वर्ग हवेत म्हणून जुन्या दगडी भिंतींवर सिमेंटचा मजला चढवला होता. तो खालच्या वर्गांवर आला. अस्सुंताची लिदिया खालीच होती.

आता नवी शाळा होती. अस्सुंताच्या थोरल्या मुलाची लेक मिलेना त्यात पहिलीला जायची. गेलेल्या मुलांच्या आठवणीसाठी दारावरच्या कमानीत घंटा बसवायची, असं गावाने ठरवलं. घंटा ओतताना घरोघरचे दागिने रसात टाकायची तिकडची रीत. अस्सुंताने लिदियाचे बारशाचे डूल टाकले. तेव्हा मन निवांत होतं, देवाचं काम म्हणून. मग एके दिवशी मिलेनाला आणायला गेली, कमानीखाली उभी राहिली, सहज वर, घंटेसाठी ठेवलेल्या जागेकडे पाहिलं आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती.

अंगणात घंटा लाकडी फळ्यांवर ठेवलेली. आतून मुलांचे पाढे ऐकू येत होते.

“या मावशी,” महापौर दोनातो पुढे आला. “सोमवारी पहिली दोरी तुम्हीच ओढायची.”

“दोनातो, ही भिंत एवढा भार पेलेल, असं कोणी पाहून गेलंय का रे?”

“नवीकोरी शाळा आहे, मावशी.”

“बांधली तेव्हा घंटा धरली होती का हिशेबात?”

दोनातोने कान खाजवला. “इंजिनिअर येणार आहे की. पुढच्या आठवड्यात. सोमवारी बिशप येतायत, तोवर घंटा खाली ठेवून कसं चालेल?”

“तेव्हाही असंच झालं होतं. वर्ग आधी, तपासणी मग.”

शेजारची ग्रात्सिएल्ला फुलं लावत होती. ती तिथूनच म्हणाली, “देवाच्या घंटेचा कुणाला भार होतो होय? रोज एवढी माळ ओढतेस, आणि विश्वास एवढासाच?”

“भूकंप झाला तेव्हाही माळ हातातच होती, ग,” अस्सुंता हळूच म्हणाली.

ग्रात्सिएल्ला पुन्हा फुलांकडे वळली. म्हातारे फादर एर्मिन्यो जवळ आले. “अस्सुंता, यात तुझ्या लेकीचे डूल आहेत. वाजेल तेव्हा तीच बोलेल.”

“म्हणूनच, फादर. माझी लेक दुसऱ्यांच्या लेकरांच्या डोक्यावर नको.”

असं म्हणून ती त्या फळ्यांवर, घंटेला टेकून बसली. क्रेनवाला परगावचा. त्याने खिडकीतून मान काढली. “बाईसकट उचलू का? मला जेवायला घरी जायचंय.”

कुणी हसलं नाही. दोनातो कमानीकडे बघत राहिला. त्या ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्यांतला तो एक होता. अजून चर्चमध्येही दाराजवळच बसायचा.

“घंटा राहू दे खाली,” तो म्हणाला. “सोमवारी अंगणातच वाजवू. झालं समाधान?”

अस्सुंता उठली नाही. “आणि घंटेशिवाय? नुसती शाळा तरी धड आहे का? शेवटचं कोणी बघितलंय?”

“मावशी, कागद आहेत ना…”

“कागद तेव्हाही होते. तू बघितलंयस का, विचारतेय मी.”

दोनातोने क्रेनवाल्याला जायची खूण केली, स्वतः आत गेला, आणि पाढे मध्येच थांबले. निळे डगले घातलेली मुलं ओळीने बाहेर येऊ लागली.

“तपासून होईपर्यंत वर्ग चर्चच्या दालनात भरतील,” दोनातो शाळेच्या बाईंना सांगत होता. ग्रात्सिएल्ला पुटपुटली, “घ्या. आता बिशपना काय सांगायचं?”

मिलेनाने धावत येऊन बोट धरलं. “आजी, सुट्टी का ग?”

“सुट्टी नाही, बाळा. जागा बदलली.”

दालनाच्या दाराशी अस्सुंताने तिला थोपवलं. “इथंच थांब हं,” म्हणाली, आणि एकटी आत जाऊन, मान उंचावून छताची एकेक तुळई निरखू लागली.