ओ दिली नाही

चष्मेवाल्याची बायको हट्टी होती, आणि चष्मेवाला तिच्याहून हट्टी. दुकानात हा गिऱ्हाइकाला सांगायचा, नंबर वाढलाय. आतून ही ओरडायची, नंबर कुठला, काचा पुसत नाहीत ते! अशा दोघांना लेकीने सुट्टीसाठी समुद्राकाठच्या खेड्यातलं एक घर भाड्याने घेऊन दिलं. दोन खोल्या, उतरतं छप्पर, दारातून थेट खाली खडकांकडे जाणारी पायवाट. लेकीचा हेतू चांगला होता. पण घर बदललं म्हणून माणसं थोडीच बदलतात!

तिथल्या हवेचं काही खरं नव्हतं. घडीत लख्ख ऊन, घडीत पावसाची झड, मध्येच धुकं असं दाटायचं की दारासमोरचं कुंपण दिसेना. एका सकाळी ती म्हणाली, "खिडकी लावून घ्या, पाऊस येईल." "आभाळ बघ की जरा, ढगाचा पत्ता नाही," तो म्हणाला. दोघं पाव आणायला गेली आणि परत येऊन बघतात तो गादी चिंब. मग ती बोलली. एकदा बोलून थांबेल तर ती कसली! गादी बाहेर उन्हात टाकेपर्यंत तिचं "मी सांगितलं होतं" चालूच होतं. शेवटी तो म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"मग नका बोलू."

झालं, अबोला.

त्यांचा अबोला चांगला मुरलेला होता. जेवण एकत्र, फिरणं एकत्र, फक्त तोंडं बंद. निरोप तिसऱ्या माणसाकरवी. शेजारीच राहणारी घरमालकीण दूध घेऊन आली, तर ही तिला म्हणाली, "यांना विचारा, चहा घेणार का." बिचारी मालकीण एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. तो खाकरला. खाकरणं म्हणजे हो, ऐकलं. अबोला कितीही कडक असो, तिने हाक मारली की तो खाकरायचाच. लग्नापासून तेवढी सूट त्याने ठेवली होती.

"फिरायला जाल तर खडकांमधली ती खोल घळ आहे ना, तिच्या अलीकडेच राहा हं," मालकीण जाता जाता म्हणाली. "भरती लागली की पाणी आधी त्या घळीत शिरतं. पलीकडे गेलेला माणूस तिकडेच अडकतो." दोघांनी माना डोलावल्या.

दुपारी ऊन पडलं तशी दोघं निघाली, तो पुढे, ती मागे. वाळू संपून खडक लागले. बुटात खडा गेला म्हणून ती बसली, आणि मान वर करते तो हा घळ ओलांडून पलीकडे. मालकिणीने सकाळीच सांगितलेलं! ओरडावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण आधी बोलायचं कुणी? घळीच्या तळाशी अजून जेमतेम घोटाभर पाणी होतं. 'येईल आपला परत, जातोय कुठे,' असं म्हणत ती तिथेच बसून राहिली.

आणि धुकं आलं. बघता बघता पलीकडचा काठ गेला, समुद्र गेला, आणि राहिला तो नुसता पाण्याचा आवाज. तो आवाज वाढत होता. ती सरकत सरकत घळीच्या तोंडाशी गेली, तर मघाशी जिथे दगड दिसत होते तिथे पाणी घुसळत होतं.

"अहो!"

अबोला गेला खड्ड्यात. "अहो! कुठे आहात?" काही नाही. तिने पुन्हा हाक मारली, घसा फुटेस्तोवर मारली. पोहता तिला येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की चक्कर यायची. तरी तिने एक पाय खाली सोडला. पण जायचं कुठल्या दिशेला? समोर सगळं पांढरं. तिने पाय वर घेतला आणि आता तिचा संताप संताप झाला. एवढ्या हाका मारतेय, आणि हा माणूस गादीचा राग धरून बसलाय!

"बसा! बसा तसेच!" ती ओरडली आणि तरातरा परत फिरली.

निम्म्या पायवाटेवर तिचे पाय थबकले. तो खाकरला नव्हता.

एकदाही नाही. बाळंतपणात, सासूसमोर, लेकीच्या लग्नाच्या मांडवात, कुठल्याही अबोल्यात हा माणूस हाकेला खाकरला नाही असं झालं नव्हतं. मग ती धावली. या वयात, ओल्या बुटांनी, धडपडत मालकिणीच्या दारावर जाऊन आदळली. "माझा नवरा... घळीपलीकडे... हाका मारल्या, ओ देत नाही," एवढंच तिला बोलता आलं.

मालकिणीचा भाऊ होडीवाला होता. त्याने एक शब्दही न विचारता दोर उचलला आणि होडी लोटली. हिला त्याने होडीत घेतलं नाही. होडी धुक्यात शिरली आणि तिचा आवाजही येईना. मालकिणीने हिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तिला भयंकर भीती वाटत होती. आपण मघाशी म्हटलेलं 'बसा तसेच' हेच आपलं त्याच्याशी शेवटचं बोलणं ठरणार, असं तिला सारखं वाटत होतं, आणि ती पुटपुटत होती, "नाही, नाही, नाही."

होडी आली तेव्हा तीत दोन डोकी होती.

"खडकाच्या फटीत पाय अडकला होता," होडीवाला म्हणाला. "छातीला लागलं होतं पाणी. अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. पण काय हो काका, काकू एवढ्या ओरडत होत्या म्हणतात, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

चष्मेवाल्याचे ओठ निळे पडले होते. "आलं," तो म्हणाला.

होडीवाल्याच्या गाडीतून दवाखान्यात जाताना तिचा बांध फुटला.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. 'बसा तसेच' तेसुद्धा."

"मग ओ द्यायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लावलं होतंत? जीव गेला असता ना माझा!"

"ओ दिली असती तर तू पाण्यात उतरली असतीस."

"मग ओरडून सांगायचं, थांब, माणसं घेऊन ये!"

"आणि तू थांबली असतीस?" तो कुडकुडत म्हणाला. "माझं कधी ऐकलंयस?"

ती थांबली नसती. आवाजाची दिशा कळायचा अवकाश, तिने त्या पांढऱ्या धुक्यात उडी घेतली असती, आणि हे त्याला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं.

"खारं पाणी घशात गेलं होतं, खोकला आवरेना," तो म्हणाला. "शेवटी तोंडात रुमाल कोंबला. तू चिडलीस तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, चला, आता ही घरी जाईल."

"आणि घरी जाऊन मी नुसती बसून राहिले असते तर?"

त्याने तोही विचार करून ठेवला होता.

दवाखान्यात त्याला एक्स-रेच्या खोलीत नेलं आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार लागलं. आतून काही ऐकू येईना. ती उठून दाराला जाऊन चिकटली.

"अहो!"

"ओ," आतून आवाज आला.

"आजी, जरा बसून घ्या, ते हलले तर फोटो बिघडेल," एक्स-रेवाला दारातून डोकं काढून म्हणाला आणि त्याने दार पुन्हा लावलं.

ती बसली नाही. दाराला कान लावून तिने परत हाक मारली.

"अहो!"

"ओ. आहे गं."

"देत राहा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.