सुरभीच्या अंगावरचे देवमणी

चिंचपोकळीतली जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला. माणसं तीच राहिली, फक्त उंच गेली. नव्या इमारतीची लिफ्ट वरचेवर अडकायला लागली, तसा कमिटीने मेकॅनिकच्या आधी वास्तुतज्ज्ञ बोलावला. ईशान्य कोपऱ्यात गाय ठेवा, असं त्याने सांगितलं. ईशान्येला जनरेटर होता. मग जनरेटरला खेटून पत्र्याची शेड ठोकली आणि शहापूरकडच्या एका गोठ्यातून गाय आणली. तिचं नाव सुरभी ठेवलं.

सुरभी आली ती अंगावर गोचीड घेऊनच. कानात, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवर, शेपटीखाली करड्या मण्यांसारखे टपोरे दाणे. चेअरमन अभय परुळेकर यांच्या पत्नी प्रिती यांनी ते पाहिले आणि हात जोडले. "देवमणी आहेत हे. फार भाग्यवान गायीला असतात." दुसऱ्या दिवसापासून बायका रांगेने येऊन प्रत्येक दाण्याला हळदकुंकू लावू लागल्या. रक्त पिऊन दाणे फुगत होते. बायका म्हणत, सुरभीचं तेज वाढतंय.

आठव्या मजल्यावरच्या मालन गमरे या सोहळ्यात कधी नव्हत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, गायीशी देणंघेणं नाही. एका रविवारी खाली उतरताना उरलेली अर्धी भाकरी सुरभीपुढे टाकली, एवढाच त्यांचा संबंध.

त्याच आठवड्यात सुरभीने चारा सोडला. अंग तापलं, धाप लागली, डोळे पिवळे झाले. प्रितीताईंनी आरती वाढवली. अभयने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "गमरे यांच्याकडून मांसाहारी स्वयंपाकातली भाकरी दिली गेल्याने गोमातेची तब्येत बिघडली आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

मालनबाई तशाच चपला घालून खाली आल्या. अभय शेडपाशी उदबत्ती लावत होता.

"अभय, हे काय लिहिलंयस?"

"मालनताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." चाळीत असताना तो त्यांना अगं-तुगं करायचा. चेअरमन झाल्यापासून अहो-जाहो आलं होतं.

"माझं नाव लिहिलंस आणि मनाला लावू नको?"

"नाव लिहिलं, कारण कॅमेऱ्यात दिसतंय. भावनेचा प्रश्न आहे."

"डॉक्टर बोलावलास?"

"वैद्यांनी काढा सांगितलाय. इंजेक्शनं वगैरे केमिकल, आम्ही गायीला देत नाही."

मालनबाईंना गायीची दया आली असं म्हणता येणार नाही. त्यांना स्वतःचं नाव पुसून हवं होतं. त्या टॅक्सी करून परळला गेल्या, जनावरांच्या दवाखान्यात ठाण मांडून बसल्या आणि दुपारपर्यंत डॉ. नम्रता यांना घेऊनच परतल्या. बातमी पसरली, तशी अर्धी सोसायटी शेडपाशी जमली.

डॉक्टरांनी सुरभीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. मग त्यांनी कान उलटा केला आणि कुंकवाने माखलेला एक दाणा चिमट्याने हळूच ओढला. दाण्याला पाय होते. ते हलत होते.

"हे कुंकू कोणी लावलं?"

पुढच्या बायकांनी कुंकवाची बोटं पदराला पुसली.

"गोचीड आहेत हे. हिचं रक्त पितायत, आणि पिता पिता रक्तात जंतू सोडतायत. गोचीडताप वाटतोय. रक्त तपासून सांगते, पण औषध आत्ताच सुरू करू. आणखी थांबलात तर गाय हातची जाईल."

"पण ती मटणाच्या घरची भाकरी..." अभयने धीर करून विचारलं.

"भाकरीने गोचीड होत नाहीत हो."

"आणि ते इंजेक्शन शाकाहारी असतं ना?"

डॉक्टरांनी सुई भरली. तेवढ्यात प्रितीताई त्यांच्या कानाशी लागल्या. "एक देवमणी आपोआप गळून पडला होता. मी चांदीच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलाय. काही होत नाही ना?"

"अंडी घालेल. हजारांनी." डॉक्टर मोठ्याने म्हणाल्या.

प्रितीताई लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळाल्या.

संध्याकाळी फोन आला. रक्तात जंतू सापडला होता. सुया चालू राहिल्या, शेडमध्ये औषध फवारलं गेलं आणि हळूहळू सुरभी चारा ओढू लागली. ग्रुपवर अभयने लिहिलं, "सर्वांच्या प्रार्थनेला यश आलं." खाली हात जोडल्याची चित्रं पडली. मालनबाईंचं नाव त्यात कुठे नव्हतं.

रविवारच्या सभेत मालनबाई उभ्या राहिल्या. "गायीचं झालं. आता माझं बोला."

अभय हसला. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर कमिटी दिलगीर आहे."

"कोणाच्या नाही, मालन गमरेच्या. आरोप करताना नाव आठवलं होतं ना तुला? मग आता का आठवत नाही?"

मागून कोणीतरी विचारलं, "चेअरमन, आज तुमच्याकडे काय होतं जेवायला?"

"तळलेली मांदेली. मासळी ताजी मिळाली आज," प्रितीताई अनवधानाने बोलून गेल्या. हशा पिकला. अभयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माईक हातात घेऊन, समोर न बघता तो म्हणाला, "मालन गमरे यांच्यावर मी खोटा आरोप केला. त्यांची माफी मागतो."

एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे चहाकडे वळले. मालनबाईंना वाटलं होतं की हे ऐकल्यावर फार हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं एका नळावर पाणी भरलेल्या या माणसांनी अर्ध्या भाकरीवरून आपल्याला ओळखेनासं केलं, एवढंच मनात येत राहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि विषय क्रमांक दोनवर बोलायला हात वर केला. पार्किंगचा प्रश्न होता, आणि त्यावरही त्यांना बरंच म्हणायचं होतं.