हौसा मानेचं वजन

गुणेबाईंनी हौसा मानेला तिसऱ्यांदा काट्यावर उभं केलं.

"हात खाली सोड. भिंतीला धरू नकोस."

"न्हाय धरलं, बाई."

काटा थरथरला, पंच्याहत्तर पौंडांवर आला आणि थांबला. आधी दोन्ही वेळा तो तिथंच थांबला होता. बाईंनी वजनाची वही डोळ्यांजवळ नेली. पंधरा जून त्रेपन्न, सोमवार, शाळा उघडण्याचा दिवस. आठवी ब, हौसा आकाराम माने, ब्याऐंशी पौंड. अक्षर त्यांचंच होतं. साडेचार महिन्यांत वर्गातल्या बाकीच्या पोरी कुणी तीन, कुणी चार पौंडांनी वाढल्या होत्या. सरोज तर सहा पौंड वाढून लाजत काट्यावरून उतरली होती. आणि ही वाढत्या अंगाची पोर सात पौंड घटली होती!

"जूनमध्ये तू ब्याऐंशी पौंड होतीस," बाई म्हणाल्या. "सात पौंड गेले कुठं?"

हौसाचा चेहरा खर्रकन उतरला. तिचा हात कमरेशी, परकराच्या नाडीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

बाईंची नजर त्या हातावर गेली. उपाशी लेकराचा हात कुठं जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"काल रात्री काय जेवलीस?"

"भाकरी. आमटी."

"आणि दूध? तुझ्या आत्याकडं दोन म्हशी आहेत ना?"

"देती की आत्ती." उत्तर जरा जास्तच लवकर आलं. "मी जाऊ, बाई?"

ती गेली, आणि बाईंनी पंच्याहत्तराच्या आकड्याभोवती तांबड्या शाईनं गोल काढला.

आता गुणेबाईंचा स्वभाव मुळातच संशयी, हे सांगून टाकलेलं बरं. पोरी पाठीमागं म्हणत, की बाई देवाचा प्रसादसुद्धा उलटून बघून खातात. पण त्याला कारण होतं. त्यांची आई लवकर गेली आणि मॅट्रिकपर्यंत त्या सांगलीला मामाकडं राहिल्या. मामाच्या घरी दुभतं होतं, पंगती उठत होत्या, आणि लीलीच्या, म्हणजे त्यांच्या, वाटीत मात्र धुतल्या भांड्याचं पांढरं पाणी. "घरचीच तर आहेस," असं म्हणून मामी सगळ्यांच्या शेवटी वाढायची. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून नातेवाइकांकडं राहून शिकणारी पोर दिसली, की बाईंचं लक्ष आधी तिच्या मनगटाकडं जाई.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या भाजी आणायचं निमित्त करून पेठेतल्या तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, गेल्या. हौसाची आत्या, झुंबरबाई, रोज दिवे लागायच्या आत आपली म्हैस तिथं आणून उभी करायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच त्याच्या हातात द्यायची. तालमीतली पोरं, कचेरीतले कारकून, पाव्हणेरावळे, पंचवीसतीस माणूस रोज तिथं उभं राहून निरसं दूध प्यायचं. झुंबरबाईचा आवाज असा, की एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाची म्हैस कान हलवी.

"ए पावणं, मागं सरा की जरा! म्हस बुजंल."

बाई पानपट्टीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. हौसा पेले विसळत होती, भरलेले पेले एकेकाच्या हातात देत होती. बाईंनी मोजले. बावीस पेले गेले. तेविसावा हौसाला मिळेल म्हणून त्या पाय दुखेपर्यंत थांबल्या. मिळाला नाही. झुंबरबाईनं चरवीत पाणी घातलं, खळखळून रस्त्यावर ओतलं आणि म्हशीचा कासरा पोरीच्या हातात दिला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि भाजी न घेताच घरी आल्या.

सत्र संपताना शाळेच्या फाटकाशी एक फळा लागत असे. त्यावर गुणेबाईंच्या टपोऱ्या अक्षरात सत्राच्या बातम्या: सहामाहीत पहिल्या कोण आल्या, हादग्याची खिरापत कुणी ओळखली, शिवणाच्या बाईंना नात झाली. पालक तर वाचतच, पण रस्त्यानं जाणारायेणाराही सायकल टेकून वाचायचा. त्या वर्षी शेवटी चार ओळी जास्त होत्या. 'आरोग्य: बहुतेक विद्यार्थिनींचे वजन समाधानकारक वाढले आहे. मात्र हुपरीहून येऊन पेठेत आप्तांकडे राहणाऱ्या आठवीतील एका विद्यार्थिनीचे वजन सात पौंड घटले. ज्यांच्या दारी दुभते आहे, त्यांनी तरी आश्रयाला आलेल्या लेकराच्या ताटाकडे पाहावे.'

नाव लिहिलं नाही म्हणजे आपण कुणाला बोललो नाही, असं बाईंना वाटलं. शहाण्या माणसांचं असंच असतं. पेठेत हुपरीची पोर एकच, आणि दारी म्हैस असलेली तिची आत्याही एकच! दुपारपर्यंत बातमी तिकटीवर पोचली आणि संध्याकाळी पंचवीसतीस गिऱ्हाइकांची नऊ झाली. भाचीच्या तोंडचं काढणारी बाई गिऱ्हाइकाच्या दुधात काय घालत असेल, असा साधा हिशेब लोकांनी केला.

बाईंनी हुपरीला पत्रही धाडलं होतं. 'आपली मुलगी तेथे सुखी नाही, असा मला दाट संशय आहे. समक्ष येऊन भेटावे.'

शनिवारी, सत्राच्या शेवटच्या दिवशी, शाळा सुटता सुटता झुंबरबाई आली. चप्पल फाटकात काढली, पण आवाज काही फाटकाबाहेर राहिला नाही.

"कुठं हाय ती वजन करणारी बाई?"

वजनाच्या खोलीत गुणेबाई होत्या, हौसा होती, आणि नुकताच मोटारीनं आलेला तिचा बाप आकाराम, बाकाच्या कडेवर अवघडून बसलेला. हुपरीत घरीच चांदीचे पैंजण घडवणारा हा माणूस. बोटं चांदी जोडायच्या डाकानं काळी पडलेली, नजर सदा खाली, हातातल्या कामावर असावी तशी.

"बसा, झुंबरबाई," बाई म्हणाल्या.

"बसाय न्हाय आले मी. म्या पोरीला उपाशी ठेवती व्हय? कुणी सांगितलं तुमास्नी?"

"कुणी सांगायला नको. मी स्वतः पाहिलं. बावीस लोकांना दूध मिळालं, पोरीला थेंब नाही."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारला.

"आगं बाई! चव्हाट्यावर गड्यामाणसांत उभी करून पोरीला दूध पाजू व्हय मी? वयात आल्याली पोरगी! तिचं दूध घरी चुलीवर आटत असतंय. हे एवढी साय धरती. बोल की गं हौसे, मुकी झालीस काय?"

हौसा बापाकडं बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"बघा," गुणेबाई हळूच म्हणाल्या. "तिला भीती वाटतेय."

झुंबरबाई मग वळली ती भावाकडं. "आकाराम, तू तर बोलशील? का तुलाबी वाटतंय आक्का असली हाय म्हणून?"

आकारामनं मान वर केली नाही.

"बरं बाबा," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "दिवाळीला घिऊन जा तुजी पोरगी. परत आणू नगंस. कलंक लावून घ्याय न्हाय ठेवली मी तिला."

ती गेली. हौसाला हुंदका फुटला. परत आणायचं नाही म्हणजे काय, हे तिला नेमकं ठाऊक होतं. मोठ्या बहिणीसारखं भट्टीपुढं बसून पैंजणाच्या कड्या जुळवायच्या, आणि दोन वर्षांत लग्न. आठवी अर्ध्यावर, भूमितीची वही अर्ध्यावर.

आपण जिंकलो, असं वाटून घ्यायला बाईंनी तोंड वर केलं, तर आकाराम उठून काट्यापाशी उभा होता.

"बाई, ते पयलं वजन कवा केलंसा?"

"पंधरा जूनला. सोमवारी, सकाळी."

"सोमवारी," तो पुटपुटला. "हुपरीस्नं मोटारीनं थेट शाळंत आलती त्या दिशी." त्यानं जाऊन दार लोटून घेतलं. मग पाठमोरा होऊन सदरा वर केला आणि कमरेचा कसा सोडला. लांबोडकी, गच्च शिवलेली कापडी पिशवी ती. काट्यावर ठेवली तेव्हा आत किणकिणलं.

काटा नऊ पौंडांवर थांबला.

"जूनला येवडाच माल हुता. गुजरीत सराफाकडं पोचवायचा. रस्ता वंगाळ, माझ्या कमरेवर चार जणांची नजर. शाळंच्या पोरीवर कोण संशय घेतंय, म्हणून तिच्या कमरंला बांदून धाडला. कुणाला बोलायचं न्हाय, म्हणून मेल्या आईची आन घातलीया तिला."

बाईंना आकडेमोड करावीच लागली नाही. ती आपोआप झाली. ब्याऐंशीतून नऊ गेले, राहिले त्र्याहत्तर. आज पंच्याहत्तर. पोर घटली नव्हतीच. आत्याच्या घरी ती दोन पौंडांनी वाढली होती.

"आणि तुम्ही आत्ता गप्प बसलात? सख्ख्या बहिणीला बोल लागत असताना?"

"भाईर पोरींच्या आया हुभ्या हाईत, बाई. आवाज भाईर जातोय. रस्त्याला कळलं तर पोरीचा जीव जाईल." त्यानं कसा पुन्हा बांधला. "तुमीबी बोलू नगा. पाया पडतो."

"पुन्हा तिच्या कमरेला हे बांधाल?"

"न्हाय, न्हाय," तो म्हणाला, नजर खालीच ठेवून.

ती दोघं गेल्यावर बाई वहीतल्या तांबड्या गोलाकडं बघत बसल्या. लाज वाटत होती. नुसती लाज नव्हे, तर स्वतःचा चांगलाच राग येत होता. आयुष्यभर त्या मामीला शोधत आल्या होत्या, आणि शोधणाऱ्याला मामी कुठंही सापडते. अखेर त्या फाटकाशी गेल्या, फळ्यावरच्या चार ओळी पुसल्या आणि लिहिलं, 'आरोग्यवृत्तातील वजनाची नोंद चुकीची होती. चूक माझी. ली. गुणे.' पण वाचायला होतं कोण? शाळा सुटली होती. रस्त्यावर एक कुत्रं बसलं होतं, तेवढंच.

संध्याकाळी तिकटीवर म्हैस उभी राहिली. आज गिऱ्हाईक पाचच. गुणेबाई तरातरा चालत आल्या आणि तालमीतल्या दोन गड्यांच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या. गडी चपापून बाजूला सरले.

झुंबरबाईनं वर बघितलं. "आता काय तपासाय आलासा?"

"दूध प्यायला आलेय."

"हितं? चव्हाट्यावर?"

"इथंच."

झुंबरबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हशीच्या सडांना हात घातला आणि पेला भरला. पानपट्टीवाला काम सोडून बघत होता. ओळखीच्या घरातली एक बाई माडीवरून वाकली. गुणेबाईंनी पेला घेतला आणि न फुंकता, न थांबता, सगळ्यांच्या देखत रिकामा केला. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाल्या,

"झुंबरबाई, फळ्यावर मी लिहिलं ते खोटं होतं. पोर तुमच्याकडं दोन पौंडांनी वाढलीय. चुकले मी. माफ करा."

तालमीतल्या गड्यानं आपला पेला पुढं केला. "आक्का, मला मोठा पेला दे." झुंबरबाईनं तो भरून दिला, हात पदराला पुसले आणि बाईंना म्हशीच्या पलीकडं घेतलं. तिला हळू बोलता येतं, हे बाईंना तेव्हा प्रथमच कळलं.

"आकारामनं दावलं व्हय तुमास्नी?"

बाई चमकल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शाळंतनं आली की कसा म्याच सोडती न्हवं. हे असं वळ उठत्यात कमरंवर. म्याच खोबऱ्याचं त्याल लावती. एकडाव न्हाय, तीनदा धाडलंय त्यानं तिला तसं."

"मग शाळेत बोलला का नाहीत? फळ्यावर लिहिल्यावर तरी?"

"काय बोलू? भरल्या शाळंत? पोरगी एकली मोटारीनं जाती येती." ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "गिऱ्हाईक आज गेलं, उद्या येतंय."

बाईंनी विचारलं, "पुन्हा नाही बांधणार म्हणालेत ते. परत ठेवून घ्याल ना तिला?"

"ठेवीन की. न ठेवून सांगती कुणाला? शाळा कवा उघडती?"

"तेवीस तारखेला. सोमवारी."

"सोमवारीच व्हय? म्हंजी जूनसारखी मोटारीनं थेट शाळंतच येणार." झुंबरबाईचे डोळे बारीक झाले. "मग एक करा. त्या दिशी पोरगी फाटकात आली, की सगळ्यांच्या आदी तिला काट्यावर घ्या. भाऊ माझा हाय, पर त्याचं न्हाय म्हणजे किती न्हाय ते मला म्हाईत हाय. दिवाळीच्या फराळाचं दोन पौंड सोडा."

"म्हणजे सत्त्याहत्तर," बाई म्हणाल्या.

"व्हय, सत्त्याहत्तर. त्याच्या वर काटा गेला तर मला निरोप धाडा."