मी, कन्सोलच्या बाजूचा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! माझ्या वयाचे कितीतरी भाऊबंद भंगारात गेले. मी मात्र चंदीगडला, हवाई दलाच्या वसाहतीत, विंग कमांडर देवदत्त इनामदारांच्या बैठकीत अजून ऐटीत बसलो आहे.

कारखान्यातून मी पुण्याच्या एका दुकानात आलो आणि तिथून साहेबांच्या घरी. त्यांचा कुणाल तेव्हा रांगत होता. काय थाट होता माझा! शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे आणि मी फुशारून जायचो. मग बदल्या सुरू झाल्या. जोधपूर, बंगळुरू, जोरहाट. दर वेळी साहेबांच्या पत्नी पद्मिनीताई मला गोधड्यांत गुंडाळायच्या आणि लाकडी खोक्यात घालायच्या. खोक्यावर पांढऱ्या रंगात साहेबांचं नाव आणि हुद्दा लिहिलेला असायचा. साहेबांना बढती मिळाली की तो हुद्दा खोडून नवा रंगवायचे. मला बढती कुणी दिली नाही. जोरहाटच्या दमट हवेत माझा एक स्पीकर कायमचा बसला, तरी मी हूं की चूं केलं नाही. फौजी घरात कुरकुर चालत नाही.

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि माझ्यावर धूळ बसू लागली. कधीतरी क्रिकेटचा सामना, कधीतरी बातम्या. फार वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

चंदीगडला आल्यावर माझ्यासमोर बसणारं एकच माणूस उरलं. दहा वर्षांची धाकटी इरा. शाळेतून आली की ती मला लावायची आणि बघायची मात्र खिडकीबाहेर. खाली बागेत मुलं खेळत असायची. त्यांच्या टोळ्या आधीच ठरलेल्या. हिची जिवाभावाची मैत्रीण जोरहाटला राहिली होती आणि इथे हिला कुणी विचारत नव्हतं.

"अगं, जा ना खाली," पद्मिनीताई म्हणायच्या.

"आई, वहाँ मुझे कोई नहीं बुलाता," इरा म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

अशातच दोन्ही मुलांनी हट्ट धरला. पंधरा वर्षांच्या कुणालला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता आणि इराला गेम कन्सोल. पद्मिनीताईंनी ठणकावून सांगितलं, "दोन्हीपैकी एकच मिळेल. आणि भांडाभांडी केलीत तर तेही नाही!"

माझा जीव टांगणीला लागला. कॉम्प्युटर आपला पडदा सोबत घेऊन येतो, त्याला माझी गरज शून्य. कन्सोलला मात्र पडदा नसतो, त्याला टीव्ही लागतो. त्यात साहेब बोलून गेले होते, "कॉम्प्युटर आला की हा जुना डबा काढून टाकू." डबा! मला! आता मी कुणाच्या बाजूचा, हे वेगळं सांगायला हवं का?

या घरात कुठलाही निर्णय ब्रीफिंगशिवाय होत नाही. माझ्यासमोर उभं राहायचं आणि आपली बाजू मांडायची. तीही मराठीत, ही साहेबांची अट.

कुणाल पठ्ठ्या वकिलासारखा बोलला. "बाबा, कॉम्प्युटरवर अभ्यास होतो, कोडिंग होतं. आणि माझे बंगळुरूचे, जोरहाटचे सगळे मित्र कॉम्प्युटरवरच खेळतात. दर बदलीला मित्र सुटतात. हा असला तर सुटणार नाहीत."

मुद्दा बिनतोड होता.

मग इरा उभी राहिली. "बाबा, कन्सोल... मतलब..."

"मराठीत," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा सुरुवात केली. "कन्सोल टीव्हीला लागतो. टीव्ही हॉलमध्ये असतो. हॉलमध्ये लोक येतात." तिचे डोळे भरले. "दादाचे मित्र लांब आहेत. माझे इथे कुणीच नाहीत. मला इथे पाहिजेत."

कुणालने मान खाली घातली. साहेब म्हणाले, "ठीक आहे, ट्रायल घेऊ. येत्या रविवारी रुपेशचा कन्सोल आणू. पोरं आली तर कन्सोल घेऊ. नाही आली तर कॉम्प्युटर."

रुपेश म्हणजे पद्मिनीताईंचा भाऊ, मोहालीच्या एका आयटी कंपनीत आहे. रविवारी तो कन्सोल घेऊन हजर झाला. माझ्या कुशीत वायर गेली आणि सगळी मरगळ पळाली! इराने पुढचं दार सताड उघडं ठेवलं. पण जिन्यात चिटपाखरू नाही. अर्धी सकाळ अशीच गेली. इराचा चेहरा एवढासा झाला.

तेव्हा साहेब तिच्याशेजारी येऊन बसले. "चल, मी खेळतो." खेळ विमानाचा होता. साहेब खऱ्याखुऱ्या डोंगरांमधून लेहला मालवाहू विमान नेणारे, आणि इथे पहिल्याच वळणाला धाडकन डोंगरावर आदळले!

"अरे, विमान असं वळत नसतं!" साहेब ओरडले. परत उडाले, परत आदळले.

"दाजी, लेहची सगळी रसद गेली!" रुपेश किंचाळला. इरा पोट धरून हसत होती. मी एका स्पीकरवर दोन स्पीकरांचा आवाज काढला. तो गलका जिन्यातून खाली गेला.

थोड्या वेळाने दारात एक वेणी डोकावली. खालच्या मजल्यावरची जसलीन. "अंकल क्रॅश हो गए?"

"चौथी बार," इरा म्हणाली आणि तिने रिमोट पुढे केला. "तू खेलेगी?"

जसलीन बसली. मग तिचा भाऊ आला, मग बागेतली अख्खी टोळी. दारात चपलांचा हा ढीग पडला! कुणालसुद्धा खोलीतून बाहेर आला, सगळ्यांना वळणं शिकवू लागला आणि शेवटी म्हणाला, "बाबा, कन्सोलच घ्या. माझ्या मित्रांशी मी आईच्या लॅपटॉपवर बोलेन. पण प्लीज, तुम्ही विमान चालवू नका."

जितं मया! कन्सोल आला. साहेबांनी स्वतःच्या हाताने मला पुसलं आणि त्यानंतर 'डबा' हा शब्द घरात कुणी काढला नाही.

पण खरा विजय पुढेच आहे. एका दुपारी इराने नुकताच खेळ लावला होता. दाराची घंटी वाजली. पद्मिनीताईंनी दार उघडलं, तर समोर जसलीन.

"आंटी, इरा है? नीचे भेजो ना!"

इराने रिमोट सोफ्यावर फेकला, मला फटकन बंद केलं आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली. खालचा गलका वर ऐकू येत होता आणि त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. टीव्हीच्या जातीला बंद होणं म्हणजे अपमान. पण त्या दुपारी माझा ऊर अभिमानाने भरून आला.

म्हणून मित्रांनो, आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, जपा, एवढं तर सांगतोच. घरात कॉम्प्युटर आणा नाहीतर कन्सोल, शेजारी कुणाला तरी बसायला जागा ठेवा. आणि खालून हाक आली, की आम्हाला खुशाल बंद करून पळा. आम्ही मुळीच रागावत नाही.