रंगारीण

भाऊजी मला रंगारीण म्हणायचे. मी वेबसाइटची पानं करायचे. बटणं, रंग, अक्षरं, म्हणजे लोकांच्या डोळ्यांना दिसतं तेवढं सगळं. ते सर्व्हरवर, म्हणजे पानामागच्या न दिसणाऱ्या भागावर, काम करायचे. "तू भिंती रंगव, घर आम्ही बांधतो," असं जेवताना सगळ्यांदेखत हसत म्हणायचे. ताई मान खाली घालून वाढत राहायची. ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

ताईने त्यांचं घर सोडलं तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "शोधून काढीन." तेही अगदी शांतपणे. आरडाओरडा केला असता तर मी इतकी घाबरले नसते. आता ताई एका छापखान्याच्या वरच्या खोलीत राहते आणि कापडी पिशव्या शिवते. पत्ता ठाऊक मला आणि माल उचलणाऱ्या कुरिअरवाल्याला, बस.

पिशव्या विकायला वेबसाइट हवी होती. या कामात परक्या माणसाला घ्यायची छाती होईना, म्हणून सर्व्हरचं काम मीच शिकायला बसले. एक तयार फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा आयता सांगाडा, घेतलं आणि डोक्याचा पार भुगा करून घेतला. पण सर्व्हरवरून पिशव्या पहिल्यांदा पानावर आल्या तेव्हा मी ताईला फोन करून नुसतं भंडावून सोडलं.

"त्यांच्या नाकावर टिच्चून केलंस गं," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

ताईचं नाव मी कुठेच टाकलं नाही. पत्ता मात्र कुरिअरसाठी प्रत्येक पिशवीच्या माहितीत भरावा लागला. तो गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून पानावर झाकून टाकला. झाकपाक करण्यात माझा हात कोण धरणार? इतकी वर्षं तेच तर करत आले. फोटो काढताना पिशवीच्या आतला चोरखिसाही हौसेने दाखवला. तो ताईचाच शोध; भाऊजींच्या ऑफिसच्या पिशवीलाही तिने तसाच शिवून दिला होता.

आज दुपारी एक ऑर्डर आली. पिशवी एक. नावाच्या जागी नुसतं 'गिऱ्हाईक'. खाली निरोप होता: "रंगारीणबाई, घर छान बांधलंत. आतून रंग द्यायचा तेवढा राहिला. पोस्टाने पाठवू नका, मीच येतो घ्यायला."

येऊन घेऊन जायची सोय मी ठेवलीच नव्हती. मग भाऊजी येणार कुठे?

सर्व्हर पानाकडे काय पाठवतो ते मी उघडून पाहिलं. पिशवीचा रंग, किंमत, आणि त्याखाली ताईचा पत्ता, छापखान्याच्या मागच्या जिन्यासकट. मी झाकलं होतं ते फक्त पान. सर्व्हर बापडा येईल त्याच्या हातात सगळंच ठेवत होता, आणि ते कुठे बघायचं हे भाऊजींना कुणी शिकवायला नको होतं. मूर्ख मी, महामूर्ख.

ताईला फोन लावला. तिने तो स्पीकरवर टाकून मशीनपाशी ठेवला असणार, कारण आधी मशीनचाच आवाज आला.

"ताई, ऐक, आत्ताच्या आत्ता खालच्या छापखान्यात जा. लोकांमध्ये जाऊन बस."

"थांब गं जरा," ती म्हणाली. मशीन थांबलं. "दार वाजतंय. आज कुरिअरवाला लवकर आला वाटतं."

"ताई, दार उघडू नकोस. ताई."

पण ती उठून गेली होती. मला कडी काढल्याचा आवाज आला आणि मग ते हसणं.